केडगावच्या फाटकातून

आधी लुगडं नेसून घ्या. पुरुष असलात तरी. आपल्याला मुक्कामाला जायचं आहे ती वस्ती बायकांची. पुरुषाच्या वेशात गेलात तर बाहेरच्या पडवीत बसवून पाणी देतील, चार प्रश्न विचारतील आणि परतीच्या गाडीची वेळ सांगतील. केस आखूड असले तर असू द्यात, तिथं ते कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत. एक जाड शाल मात्र बरोबर घ्या, कारण वाटेत लंडनला उतरायचं आहे.

साल १८८३. लंडनच्या पश्चिम अंगाला फुलहॅम नावाचा भाग आहे, तिथल्या एका आश्रमाच्या दारात तुम्ही उभ्या आहात. तुमच्या पुढं पंचवीस वर्षांची एक बाई चालली आहे. अंगात हिंदुस्थानी वेश, चालण्यात घाई नाही, पण नजर एकेका खोलीवरून सावकाश फिरते आहे. तिच्याशी बोलायचं झालं तर मराठीत बोला आणि जरा मोठ्यानं बोला. तिचं इंग्रजी अजून तोकडं आहे आणि कानही दगा द्यायला लागले आहेत. वैद्यक शिकायला ती इतक्या लांब आली, पण या कानांपायी ते राहूनच जाणार आहे.

ही रमाबाई. कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी पाच वर्षांपूर्वी हिची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. त्यानंतर बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, तेही जातीबाहेर. दीड-दोन वर्षांत पटकीनं नवरा गेला. मुलगी मनोरमा आत्ता दोन वर्षांची आहे. इंग्लंडात ती वॉन्टेज गावच्या सिस्टरांकडं राहते. हा अँग्लिकन पंथाचा मठ १८४८ साली निघाला. लग्न न करता, एका छपराखाली, एका चुलीवर, ठरलेल्या वेळी प्रार्थना आणि उरलेल्या वेळी शाळा, दवाखाने, आश्रम, असा त्या बायकांचा संसार. त्यांची एक शाखा पुण्यात पंचहौदला आहे, तिथूनच ही ओळख. हवापालटासाठी म्हणून सिस्टरांनी रमाबाईंना फुलहॅमला धाडलं आहे.

समोर काय दिसतंय ते नीट बघा, कारण पुढच्या सतरा वर्षांचा उलगडा इथं आहे. लंडनच्या रस्त्यांवर ज्यांना लोक पतिता म्हणतात, त्या बायकांना हे घर आसरा देतं. पण रमाबाई थबकल्या आहेत त्या निराळ्याच गोष्टीपाशी. पूर्वी याच आसऱ्याला आलेल्या काही बायका त्यांना भेटवल्या जात आहेत, आणि त्या बायका आता आजारी, अपंग माणसांच्या सेवेत आयुष्य घालवताहेत. ज्यांना कुणीतरी उचलून आणलं होतं, त्या आता दुसऱ्यांना उचलताहेत.

तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात, तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. १८८३ च्या पुण्यातून आलेल्या बाईच्या जागी उभ्या राहून बघा. तिथं पाऊल घसरलेल्या विधवेला विहीर, काशी किंवा बाजार एवढेच रस्ते. एखाद्या दयाळू घरानं तिला भाकरतुकडा दिला असता. पण तीच उद्या दुसरीला हात देईल, तिच्या हातचं पाणी आजारी माणूस पिईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. रमाबाई सिस्टरांना विचारतात की या बायकांची इतकी काळजी तुम्ही का करता. उत्तरादाखल सिस्टर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवतात. २९ सप्टेंबरला वॉन्टेजला रमाबाई लेकीसह बाप्तिस्मा घेतील. पुण्यात त्यावरून गहजब होईल, तो व्हायचाच होता.

पण इथून निघण्यापूर्वी आणखी एक लक्षात ठेवा. या बाईनं सिस्टरांची सेवा उचलली, त्यांची शिस्त उचलली, जू मात्र मानेवर घेतलं नाही. सिस्टर जेराल्डीन तिची धर्ममाता. तिला रमाबाई पत्रांतून प्रेमानं ‘आजीबाई’ म्हणतात आणि त्याच पत्रांतून तिच्याशी कडाडून भांडतात. बिशपनं सांगितलं म्हणून मानायचं, हे त्यांना पटत नाही. पुरोहितांच्या तावडीतून आत्ताच तर सुटले, पुन्हा दुसऱ्या पुरोहितांपुढं मान का तुकवू, असा त्यांचा सूर. व्रत घेतलेली सिस्टर त्या कधीच होणार नाहीत. शाल काढा आता. पुढं ऊन आहे.

१८९७ मध्ये फार रेंगाळायचं नाही, नुसतं खिडकीतून बघा. मध्य प्रांतात दुष्काळ, पुण्यात प्लेग. रमाबाईंचं शारदा सदन आधी मुंबईला चौपाटीवर १८८९ च्या मार्चात निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथं उच्चवर्णीय विधवा राहतात, शिकतात, सोवळंओवळं सांभाळतात. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ झालं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. आता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्या बघून आल्या आहेत आणि येताना मुली घेऊन आल्या आहेत. पहिल्या खेपांमधून आलेल्या शेवटी तीनशेच्या आसपास भरल्या. प्लेगाच्या दिवसांत एवढी माणसं शहरात ठेवायला सरकार मनाई करतं. पुण्यापासून दौंडच्या वाटेवर, केडगाव स्टेशनाजवळ, शंभरेक एकरांचा माळ त्यांनी फळबागेसाठी घेऊन ठेवला होता. तिथं तंबू ठोकले, छपरं उभी केली. हीच वस्ती म्हणजे मुक्ती मिशन. संत्र्या-लिंबांसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसं लावली गेली.

आता उतरा. साल १९००, महिना मे, वेळ पहाटेची, अजून तांबडं फुटलेलं नाही. आपण दिवसभर इथंच आहोत.

पहिल्यांदा कानांवर येते ती घरघर. एका जात्याची नव्हे, ओळीनं मांडलेल्या कितीतरी जात्यांची. वस्ती आता दोन हजारांच्या घरात गेली आहे. माणशी पाव किलो पीठ धरलं तरी रोजचं पाच क्विंटल होतं, हा हिशेब तुमच्या डोक्यात चालू असतानाच कुणीतरी तुम्हाला खांद्याला धरून खाली बसवतं आणि खुंट्याचं वरचं टोक हाती देतं. समोर एक सतरा-अठरा वर्षांची पोर आहे. घास ती घालते, तुम्ही नुसतं ओढायचं. दहा फेऱ्यांत तळहात पेटतो.

“ताई, असं मनगटानं नाही ओढायचं. खांद्यानं ओढा. आनि तोंड बंद ठेवा, पीठ जातंय.”

तिच्या मराठीला हिंदीचा हेल आहे. १८९७ साली ती मध्य प्रांतातून आली. आपलं गाव तिला आठवतं, आई कुठं पडली ते आठवतं, वय आठवत नाही. पहिल्या वर्षी तिच्या जिभेला फोड होते, त्यामुळं बोलायची नाही. सगळ्यांना वाटलं मुकी आहे. हे ती हसत सांगते.

तुम्ही इथं ‘हाक’ शोधायला आला आहात, ते तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. देवानं बोलावलं, आतून आवाज आला, सगळं सोडून निघाले, असं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून तुम्ही दळता दळता विचारता की तू या कामाला कशी लागलीस.

“रात्री नव्या पोरी आल्या. मॅट्रनबाई म्हनाल्या, तू यांना अंघोळ घाल. घातली.”

“मग?”

“मग रोजच घालते.”

एवढंच. जातं थांबत नाही.

उजाडतं तसा माळ दिसायला लागतो. एकीकडं विहिरी, त्यांवर मोटा चालू. दगडी बांधकाम अर्धं उभं, अर्धं पायात. गवती छपरांच्या लांब ओळी, त्यांत घोंगड्या आणि चटया गुंडाळून ठेवलेल्या. घंटा होते, मुलींचे घोळके आपापल्या मॅट्रनमागं रांगेत लागतात. प्रार्थना, मग न्याहारी, मग शाळा आणि काम. त्या रांगेतून एक बुटकीशी बाई हळूहळू पुढं येते, पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस. थांबते. एका पोरीची हनुवटी वर करून तिचं तोंड उघडायला लावते, हिरड्या बघते आणि शेजारच्या बाईला खूण करते. पंडिताबाई आता बेचाळीस वर्षांच्या आहेत.

दुष्काळात सापडलेल्याचं तोंड कसं दिसतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाशी झगडले, मग कुटुंब घेऊन पुराणं सांगत तीर्थोतीर्थ हिंडले. दुष्काळात गाठीचं सगळं संपलं. झाडपाला खाऊन दिवस काढले. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुलगा म्हणाला, मी मजुरी करतो. पण वडील, आई आणि थोरली बहीण, तिघं थोड्या थोड्या अंतरानं गेलीच. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. हिरड्या बघणाऱ्या त्या बोटांना ही सगळी माहिती आहे.

काल रात्री गुजरातेतून तुकडी आली. तिकडं हा काळ ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो, विक्रम संवत् १९५६ चा दुष्काळ. पाऊस नाही, चारा नाही, गुरं आधी मेली, मग माणसं, त्यात पटकी. विहिरीजवळच्या आडोशाला जात्यावरचीच ती पोर आता हाताला चुन्याचे डाग पडलेल्या आणखी दोघींबरोबर उभी आहे. नव्या मुलींच्या अंगावरच्या चिंध्या काढून जाळायच्या. केस कापायचे, कारण उवांचं पोळं फणीनं निघत नाही. कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी, खरजेवर तेल. मग स्वच्छ लुगडं. खायला आधी पातळ पेज, तीही थोडी थोडी. इथं सगळ्यांत अवघड काम पाणी ओढायचं नाही, भुकेल्या पोरीला पोटभर वाढायला नाही म्हणायचं आहे. आटलेल्या आतड्यांत एकदम अन्न गेलं तर ती वाचलेली मुलगी जेवून मरते. तुमच्या हाती पेजेचा तांब्या आहे, समोर एक पाच वर्षांची पोर वाटी पुढं करून बघते आहे, आणि तुम्हाला मान हलवायची आहे.

हलवा. मागं बघू नका.

दुपारपर्यंत एक गोष्ट तुमच्या ध्यानात येते. तिघींपैकी एक जण नव्या पोरीच्या चटईखाली हात घालून चाचपते आणि काही न बोलता तसाच हात काढून घेते. तुम्ही विचारता तेव्हा कळतं, चटईखाली भाकरीचा तुकडा लपवलेला आहे. आधीच्या तुकडीतल्या कुणाकडून तरी मागून घेतला असणार. पहिले कित्येक दिवस सगळ्याच लपवतात.

“काढून नाही घेत?”

“ती खात नाई हो, ती नुसती ठेवते. माझीपन होती. मुंग्या लागल्या तवा मीच टाकली.”

हे मॅट्रनच्या कुठल्या वहीत नाही, कुठल्या देणगीदाराला पाठवलेल्या अहवालात नाही. ज्या बाईनं स्वतः चटईखाली भाकर ठेवली तिलाच हे माहीत. फुलहॅमच्या दारात रमाबाई ज्या गोष्टीपाशी थबकल्या होत्या ती हीच असणार, असं मला वाटतं. पाव्हण्या मिशनऱ्यांकडं निष्ठा असते, पैसा असतो, औषधं असतात. पण हात कुठं घालायचा आणि कुठून काढून घ्यायचा, हे ज्ञान पोळलेल्यांकडंच असतं. ते वाया जाऊ न देणारी व्यवस्था म्हणजे मुक्ती मिशन, असं मी म्हणेन.

जेवणाला सगळ्या एका पंगतीत. पुण्याच्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांचा स्वयंपाक वेगळा व्हायचा. इथं मध्य प्रांतातली गोंडीण, गुजरातेतली पाटीदारीण, सोलापूरकडची महारीण शेजारी शेजारी बसून तीच आमटी ओरपताहेत. कुणी यावर भाषण करत नाही. दोन हजारांना दहा पंगती आणि दहा चुली परवडायच्या नाहीत, हे एक कारण, आणि ते पंडिताबाईंना मनापासून हवं होतं, हे दुसरं. जातिभेद मोडायला पुण्याच्या सभांमधून ठराव होत होते त्या काळात इथं तो भांडी घासताना मोडत होता.

जेवणानंतर फिरून घ्या. शाळेचे वर्ग झाडाखाली, पडवीत, जागा मिळेल तिथं. पलीकडं तेलाचा घाणा, माग, शिवणकाम, रंगाई, दूधदुभतं, चणे-लाह्या भाजायची भट्टी. कल्हईचं काम चालतं तिथं नवसागराचा वास नाकात बसतो. आतापर्यंत कल्हईवाला म्हणजे पुरुषच असायचा, इथं पदर खोचून दोन मुली पातेलं फिरवताहेत. एका खोलीत दिसत नसलेल्या मुली बोटांनी कागद वाचताहेत. मनोरमाबाई परदेशातून ब्रेल शिकून आल्या आणि आंधळ्यांना शिकवायला लागल्या. बाजारातून सोडवून आणलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं, थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन वेगळं.

हे सगळं चालतं कशावर? बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत १८९८ मध्ये सरली. शारदा सदनापुरती मदत पुढंही येत राहिली, पण मुक्तीच्या या पसाऱ्याला ठरलेलं उत्पन्न नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरनं नुसत्या प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ पोसले, हे रमाबाईंच्या मनात घट्ट बसलं आहे. टपालाची थैली येते, त्यात कधी मोठी हुंडी असते, कधी काहीच नसतं. तुमच्याआमच्यासारख्या महिन्याच्या एक तारखेवर जगणाऱ्यांना हे वेडाचार वाटेल. मलाही वाटतो. पण घाणा, माग, शेत, दुभतं बघितल्यावर एवढं कळतं की भरवसा देवावर असला तरी हात कुणाचे रिकामे नव्हते.

आणि आता तो प्रश्न, जो तुम्ही सकाळपासून गिळत आला आहात. या मुली ख्रिस्ती झाल्या त्या कशा? पाच वर्षांच्या उपाशी पोरीला ज्या हातानं पेज पाजली, त्याच हातानं प्रार्थना शिकवली, तर त्याला निवड म्हणायचं का? ‘केसरी’नं शारदा सदनावर जे लिहिलं त्यात द्वेष होता, बायकांच्या शिक्षणाबद्दलची जुनी अढी होती, तरी प्रश्न तेवढ्यानं खोटा पडत नाही. इथं दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेनं होतो, त्यातून बाजूला बसायची सोय मला कुठं दिसत नाही. आश्रित माणूस नाही म्हणायला कचरतो, आणि लहान मूल तर कधीच म्हणत नाही. रमाबाईंनी स्वतः बिशपांपुढं जे स्वातंत्र्य भांडून मिळवलं ते यांतल्या कितीजणींना मिळालं, हा हिशेब मुक्ती मिशनच्या खात्यावर उरतोच.

दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं तेही इथंच उभं आहे. छावण्यांतून आणि स्टेशनांवरून पोरी उचलणारे दलाल त्या वर्षी हिंडत होते, रमाबाईंनी त्याबद्दल लिहिलंही. त्यांच्या आधी कोण पोचलं? धर्म सांभाळा म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

पाच वर्षं पुढं चला, १९०५ चा जून, रात्र. घाबरू नका. हा आवाज कुणी मारतंय म्हणून नाही. शेकडो बायका एकाच वेळी, मोठ्यानं, प्रत्येक जण आपली आपली प्रार्थना करताहेत. कुणी रडतंय, कुणी पापं बोलून दाखवतंय, कुणी छातीवर हात मारतंय. वर्षाच्या सुरुवातीला सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला जमत होत्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. रमाबाईंनी शिक्षण बाजूला ठेवून खेड्यापाड्यांत जायला कोण तयार आहे असं विचारलं, तीस जणी पुढं आल्या, आणि त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतून हे उसळलं. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव आहे ते या रात्रींमुळं.

काही गोऱ्या पाहुण्यांना हा गलका रुचला नाही. शांत, शिस्तीत प्रार्थना करावी असं त्यांचं मत. रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेअर बेल’ या आपल्या पत्रातून त्यांना सुनावलं की हिंदुस्थानी बायका आपल्या रीतीनं रडतील आणि आपल्या रीतीनं गातील. त्या तीस जणींचं पुढं येणं म्हणजे पुस्तकात असते तशी हाक. उठून उभं राहणं, नाव देणं, निघणं. मला ती खोटी वाटत नाही. पण खरं सांगू? त्या रात्रीही कुणीतरी उठून पहाटेच्या दळणाला बसलं असणार, आणि माझं लक्ष तिच्याकडंच जातं.

छापखान्यात डोकावून घ्या, १९१० च्या आसपास. खिळ्यांच्या केसेसपुढं बायका उभ्या, एक हातात जुळणीची पट्टी धरून अक्षरं जुळवते, दुसरी मुद्रितं वाचते. रमाबाई म्हातारपणाकडं झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून. नवा करार १९१२ मध्ये छापून झाला. मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली, रमाबाई १९२२ च्या ५ एप्रिलला. सबंध बायबल १९२४ साली बाहेर पडलं. जुळणी, छपाई, बांधणी सगळी इथल्याच बायकांची. दुष्काळात आलेल्या सगळ्याच काही इथं राहिल्या नाहीत. कित्येकींनी लग्नं केली, कुणी शाळांतून मास्तरीण झाली, कुणी परिचारिका.

आता १९०० मध्ये परत या, त्याच मे महिन्यात, एक काम राहिलं आहे. गुजरातेत आणखी बायका पाठवायच्या आहेत. पंडिताबाईंनी मदतनिसांच्या टोळ्या केल्या आहेत. त्या छावण्या, धर्मशाळा, रस्त्याकडची झाडं धुंडाळतील आणि ज्यांना कुणी उरलं नाही त्यांना घेऊन येतील. जात्यावरची पोर या खेपेला जाणार आहे. तिला गुजराती येत नाही, पण मॅट्रनबाईंचं म्हणणं, भुकेल्याशी बोलायला लागतंय कशाला. पटकीची भीती आहे. गेलेल्या सगळ्याच परत येतील असं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या तोंडावर भक्ती दिसते का म्हणून तुम्ही बघता. तिला काळजी आहे ती तीन घोंगड्या कमी पडतील याची, आणि आपण नसताना चटईखाली हात घालणारी दुसरी कुणी असेल का याची.

“तुमी घालाल ना अंघोळ त्यांना? पानी जास्त कडत नका करू. आनि त्या धाकटीला एकटी नका निजवू, ती उठून जाते.”

तुम्ही हो म्हणता. म्हणावंच लागतं.

बोचकी बांधून झाली: घोंगड्या, लुगडी, गूळ, भाजलेले चणे, दुधाचे डबे, खरजेचं मलम, कात्री. मुंबईला गाडी बदलायची, तिथून बी. बी. अँड सी. आय.ची गाडी धरायची, तिकिटांचे पैसे एकीच्या कनवटीला आणि बाकीचे दुसरीच्या, म्हणजे चोरीला गेले तर निम्मेच जातील. मॅट्रनबाई स्टेशनच्या वाटेवर उभ्या राहून ओरडताहेत, गाडी दौंडहून सुटलीये, चला. एका बोचक्याला धरायला कुणी नाही. ते तुम्ही उचला, निदान स्टेशनापर्यंत. परत आल्यावर हौदात पाणी भरायचं आहे, संध्याकाळच्या गाडीनं नवी तुकडी येणार आहे.